शोभेचा पाशिंजर

रिकाम्या जीपमध्ये कुणी बसत नाही. चार डोकी दिसली की पाचवं येतं, पाच दिसली की दहा येतात. पण पहिलं डोकं कुठून आणायचं? ते डोकं म्हणजे मी. ज्ञानू तात्या, वय सत्त्याहत्तर, कोल्हापूर-मलकापूर वडापातला, म्हणजे भरेल तशा सुटणाऱ्या जीपगाडीतला, शोभेचा पाशिंजर. सकाळी आठला गंगावेशीत कुतुबुद्दीनच्या जीपमध्ये मधल्या बाकड्यावर खिडकीला बसायचं, मांडीवर पिशवी घ्यायची, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचं आणि चेहरा असा ठेवायचा की मलकापुरात आपल्यावाचून कुणाचं तरी लग्न अडून राहिलंय. जीप भरत आली की कुतुब आरशातून डोळा घालतो. मग मला चष्मा चहाच्या गाड्यावर राहिल्याचं आठवतं, मी उतरतो, आणि मी तापवून ठेवलेल्या जागेवर खरा पाशिंजर बसतो. याबद्दल मला दोन वेळचा चहा आणि दिवसभर ऐकायला नवी नवी माणसं. चार वर्षं हे काम केलं, पण मलकापूर काही बघितलं नाही.

आधी जीप नऊ डोक्यांवर सुटायची. डिझेल वाढलं तशी दहावर सुटायला लागली, मग अकरावर. भाडं वाढवलं तर माणसं आणखी कमी झाली. बायका अर्ध्या तिकिटात एसटीनं जायला लागल्या, आणि कारखान्यावरची पोरं एका मोटरसायकलवर तिघंतिघं. एका गाडीवर मी सहा मोजले; सहावा आरशावर बसला होता. गाड्यावरचा चहाही गॅस महागल्यावर आकसला. आता ग्लास एवढासा झालाय की माशी पडली तर चहा सगळा बाहेर येतो आणि माशी कोरडी राहते. पण तो ग्लासही मला फुकट होता, म्हणून मी तक्रार करत नव्हतो.

त्या दिवशी सकाळीच बातमी आली की दर पुन्हा चढला. कुतुबनं गाडी पुसता पुसता, माझ्याकडं न बघता सांगून टाकलं की आजपासून बारा डोकी झाल्याशिवाय चाक फिरणार नाही. बारा म्हणजे मी सोडून बारा. मी मान हलवली. माझं काय जात होतं? जेवढा वेळ जास्त, तेवढ्या गोष्टी जास्त.

सव्वानऊला ती आली. पंचविशीची पोरगी, डोक्यावर ओढणी, छातीशी प्लास्टिकची फाइल धरलेली. जीपशी थांबली, आत डोकावली, पुन्हा रस्त्याकडं बघितलं. साडेनऊची एसटी पकडायची तर रिक्षा करून स्टँडवर जावं लागणार होतं, आणि ती नेमकी त्याच विचारात होती. तिनं मलाच विचारलं, गाडी लगेच सुटणार का. मी घड्याळ बघितलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणालो, "बसा की. दोन शिटा राहिल्यात नुसत्या. अकराच्या आत मलकापुरात हाय आपण."

ती बसली, माझ्या शेजारीच.

खरं म्हणजे तेव्हा जीपमध्ये माझ्यासकट सहाच जणं होती. मागच्या बाकड्यांवर पिशव्या मांडून ठेवल्या होत्या, त्या लांबून माणसांसारख्या दिसत. तीही युक्ती माझीच.

गप्पा मारायला मला वेळ लागत नाही. पोरीचं नाव नुजहत. रक्त-लघवी तपासायचा कोर्स केलेली. मलकापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात जागा होती. डॉक्टरीणबाईंनी आदल्या संध्याकाळी फोन करून सांगितलं होतं की ओरिजनल कागद घेऊन बारापर्यंत या. बारानंतर त्या आठवडाभरासाठी बाहेरगावी निघणार होत्या, आणि बांबवड्याची एक मुलगी तयारच होती. ही आली नाही तर ती कामाला लागणार. नुजहतचा भाऊ कामिल तिला मोटरसायकलवर सोडणार होता. तो सातपासून पंपावर रांगेत उभा राहिला, दर आणखी चढणार म्हणून अख्खं शहर तिथं लोटलेलं, आणि नऊला कोरडी टाकी ढकलत घरी आला. ती तशीच चालत गंगावेशीत आली होती.

हे सगळं तिनं मी विचारल्यावर सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून बसलो काका. म्हातारं माणूस बसलंय म्हटल्यावर गाडी सुटणारच असेल, असं वाटलं."

मी खिडकीतून बाहेर बघितलं.

साडेनऊ झाले. एसटी गेली असणार. पावणेदहाला बाळाबाई आली. बांबवड्याची, रोज पहाटे भाजी घेऊन येते आणि रिकाम्या पाट्या घेऊन परत जाते. तिनं पिशव्या बाजूला सारून मागं बैठक मारली आणि टोमॅटोपेक्षा टोमॅटो आणायचं भाडं जास्त झालंय म्हणून सगळ्यांना ऐकवलं. पाठोपाठ विजयसिंह आला, बांबवड्याच्याच एका ऑफिसातला कारकून. त्याची मोटरसायकल पंधरा दिवसांपासून घरात चादर पांघरून उभी होती. साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते. तो बसला, उठला, बाहेर उभा राहिला, पुन्हा बसला. आणखी एकदोघं येऊन दहाला जीपमध्ये नऊ खरी माणसं झाली आणि दहावा मी.

मग कुणी येईना. ऊन पत्र्यावर चढलं. नुजहतचा पाय खाली हलत होता, त्याचा हादरा मला बाकड्यातून लागत होता. ती दर मिनिटाला फोन बघायची आणि मग माझ्याकडं. मी माझं घड्याळ बघायचं बंद केलं.

माणसं उठू लागली की गोष्ट सांगायची, हे माझं कामच. म्हणून मी सांगितलं की गेल्या चैत्रात कुतुबनं जोतिबाच्या डोंगरावरून इंजिन बंद करून हीच जीप सोडली, तर चाकं अशी काही फिरली की डिझेलचा काटा उलटा चढायला लागला. खाली केर्लीत पोचलो तेव्हा टाकीत तीन लिटर जास्त भरलं. पंपवाला हात जोडून म्हणाला, तात्या, आम्हालाच विका. मागचे हसले. बाळाबाई म्हणाली, त्यातलं एक लिटर मला दिलं असतं तर पाट्या घेऊन उडत गेले असते.

विजयसिंह मात्र हसला नाही. तो माझ्याकडं टक लावून बघत होता.

"तात्या, पंच्याहत्तरीच्या वर एसटी फुकट हाय की तुमास्नी. मग हितं भाडं भरून कशाला बसतायसा?"

मी म्हणालो, आधार कार्डावर माझं वय चुकून सत्तावीस पडलंय. कंडक्टर म्हणतो फुकट राहू दे, कॉलेजचा पास काढा. पुन्हा हसू झालं. नुजहत हसली नाही. तिनं फाइल दुसऱ्या हातात घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "काका, खरंच दोन शिटा राहिल्यात ना?"

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मलकापूरला सव्वा तास लागतो, वाटेत थांबत गेलं तर दीड. आयुष्यभर मला खोटं सुचायला कधी वेळ लागला नाही. तेव्हाही चार सुचली होती. पण ती अशी बघत होती की त्यातलं एकही पुढं सरकेना.

मी उतरलो आणि आधी कुतुबकडं गेलो. तो गाडीच्या पुढं उभा राहून "मलकापूर, मलकापूर" ओरडत होता, आवाज पार बसलेला. मी त्याला पोरीची हकिकत सांगितली, आज नवावर सोड म्हणालो. त्याला वाटलं ही माझी नवीन गोष्ट. मी रोशनबीची शपथ घेतली. रोशनबी म्हणजे त्याची बायको. तेव्हा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला की काल दहावर सोडली, परवा नऊवर, आणि दोन्ही दिवस घरी जाताना रोशनबीनं सांगितलेलं तेल न घेताच गेलो. "तात्या, तुमचं काय, तुमी चहावर चालता. ही डिझेलवर चालती."

त्याचंही खोटं नव्हतं. पण माझ्या अंगाला जी खाज सुटली होती ती काही जाईना. मी परत जीपशी आलो, मागच्या दारात उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं की मी पाशिंजर नाही. मला मलकापूरला जायचं नाही, कधीच जायचं नव्हतं. गाडी भरलेली दिसावी म्हणून मला बसवतात. दोन नाही, तीन शिटा राहिल्यात.

सगळे इतके हसले की जीप हलली. बाळाबाईनं डोळे पुसले. मागचा एक पावणा म्हणाला, जोतिबाच्या गोष्टीपेक्षा ही बरी हाय.

चार वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो आणि ते माझं सगळ्यात मोठं खोटं ठरलं. मी पिशवी उघडून दाखवली. मलकापूरला निघालेल्या माणसाच्या पिशवीत काय असतं? माझ्या पिशवीत दोन उशांचे अभ्रे, त्यात कोंबलेली जुनी वर्तमानपत्रं, दुसरं काही नाही. हसणं एकेक करत थांबलं.

"म्हणजे," नुजहत म्हणाली, "माझी एसटी तुम्ही घालवलीत."

"व्हय."

तिनं तोंड फिरवून रस्त्याकडं बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या बाळाबाईनं घातल्या, अगदी व्यवस्थित, माझ्या तीन पिढ्यांपर्यंत. विजयसिंह उतरला, साहेबांना फोन लावत स्टँडच्या दिशेनं दहा पावलं गेला. त्याच्यामागं दोघं उतरले. खरं सांगून मी जीप भरण्याऐवजी रिकामी करत होतो. कुतुब धावत आला. "तात्या, चार वर्षं तुमाला पोसलं ते यासाठी?" एवढंच बोलला. त्याचा चेहरा बघून मला गंगावेशीतून थेट पंचगंगेत चालत जावंसं वाटलं.

नुजहत खाली उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"भाई, नऊजण तासभर खोळंबलोत. हे आता सगळे गेले तर तुम्ही पुन्हा एकापासनं सुरू करणार. दुपारपर्यंत भरेल? आत्ता निघालात तर नऊजणांचं भाडं तर मिळेल. थांबलात तर तुमचं पण जाईल आणि माझं पण."

कुतुबचे ओठ हलत होते. डिझेलचा हिशेब तो तसाच करतो.

"आणि नऊ न्हाई, धा," बाळाबाई मागून म्हणाली. "या म्हाताऱ्याला घ्या. चार वर्षं शिट अडवून बसलाय, आज भाडं भरून जाऊ दे. मलकापूर बघू दे एकदा कसं दिसतं."

मी म्हणालो, माझं गुडघ्याचं दुखणं आहे, मोकळ्या रस्त्यावर ते बोलायला लागतं. कुणी ऐकून घेतलं नाही. विजयसिंह फोन बंद करून परत आला, त्यानं माझं बखोट धरलं आणि मला माझ्याच खिडकीला बसवलं. उतरलेले दोघं परत चढले. कुतुबनं किल्ली फिरवली तेव्हा दहा पंचवीस झाले होते.

त्या रस्त्याबद्दल मी पूर्वी शेकडो लोकांना सांगत आलो होतो, त्यातलं काहीच तिथं नव्हतं. शिवाजी पुलावर कुणी हात केला नाही. केर्लीला एक बाई चढली, तिच्या पाटीत कोंबड्या. कोंबड्यांचं भाडं घ्यायचं की नाही यावर कुतुब आणि तिची दोन मिनिटं गेली आणि नुजहतनं नखं खाल्ली. वाघबीळचा चढ जीप दुसऱ्या गिअरमध्ये, कण्हत चढली. पलीकडचा उतार लागला तसा सवयीनं कुतुबचा हात किल्लीकडं गेला, इंजिन बंद करायला. उतारावर तो नेहमी असंच डिझेल वाचवतो, आणि मग खाली पुन्हा सुरू करताना गाडी नखरे करते.

नुजहतनं मागून म्हटलं, "भाई, आज नको."

त्यानं हात काढून घेतला. इंजिन तसंच घुरघुरत राहिलं. उतार संपेपर्यंत तो काट्याकडं बघत होता, रस्त्याकडं कमी.

बांबवड्याला बाळाबाई आणि विजयसिंह उतरले. जाता जाता बाळाबाईनं माझ्या डोक्यावर टप्पल मारली, लागेल अशी. तिथं साडेअकरा वाजून गेले होते. पुढं रस्ता खणलेला, एका बाजूनं वाहतूक सोडत होते. आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागं उभे. मला सवयीनं गोष्ट सुचली, तोंड उघडलं, तिच्याकडं बघितलं आणि मिटलं. आयुष्यात एवढा वेळ मी गप्प बसलो तो फक्त दाढ काढली तेव्हा. पावणेबाराला ट्रॅक्टर हलला. कुतुबनं हॉर्नवर हात ठेवला तो मलकापूरची घरं दिसेपर्यंत उचलला नाही.

दवाखान्यासमोर डॉक्टरीणबाईंची गाडी चालू होऊनच उभी होती, डिकीत बॅगा भरत होते. नुजहत जीप थांबायच्या आधी उतरली, पडता पडता सावरली आणि फाइल पुढं धरूनच आत घुसली. बाराला चार कमी.

कुतुब उतरला नाही. बोनेट तापलं होतं, त्याचा वास येत होता. परतीला माणसं कुठं मिळणार, हे तो आरशात शोधत होता. मीही तेच शोधत होतो, फक्त मला शोधायची लाज वाटत होती.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. जीपशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काम लागलं. उद्यापासनं नऊला. पाच मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापणार." मग तिनं पदरात पडणारा पगार सांगितला. आम्ही दोघांनी मान खाली घातली. येण्याजाण्यात त्यातला मोठा घास जाणार होता, आणि ते तिलाही आमच्याइतकंच कळत होतं.

"तुमची गाडी सकाळी किती वाजता सुटते?"

वडापाला वेळ नसते. गाडी भरली की वेळ झाली. हे मी सांगणार होतो, त्याआधी एखादी आकर्षक वेळही तोंडात आली होती. तिनं हात वर केला.

"तुम्ही नका सांगू काका. मी भाईंना विचारतोय."

कुतुबनं काट्यावर बोट आपटलं. काटा जिथं होता तिथंच राहिला. एकदा त्यानं मलकापूरच्या चौकाकडं बघितलं. तिथं कुणीच उभं नव्हतं. एकदा माझ्याकडं. मग पुढच्या काचेतून बघत म्हणाला, "साडेसात."

"किती माणसं झाल्यावर?"

दवाखान्यासमोरची गाडी निघून गेली.

"होतील तेवढी," तो म्हणाला.

"एक दिवस बघतो," नुजहत म्हणाली. "एक दिवस फक्त. नाहीतर परवापासनं पावणेसातची एसटी." आणि ती मागं चढली, रिकाम्या बाकड्यावर, माझ्यापासून लांब.