एनिड, वॉल्टर आणि ओर्सेटाचा सूड

त्या वर्षी प्रौढांच्या वर्गाला सूडनाटक मी लावलेलं नव्हतं, ते अभ्यासक्रमातच होतं. हे आधीच सांगते, कारण पुढे वर्षभर सगळ्यांनी मलाच जबाबदार धरलं.

वर्ग आमच्या यॉर्कशायरच्या गावात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, दर बुधवारी संध्याकाळी सहाला. सप्टेंबरात चौदा जण होते, नोव्हेंबरात सहा उरले. त्या सहांतले दोघं एकमेकांचे सख्खे शेजारी निघाले आणि अकरा वर्षं त्यांनी एकमेकांशी एक शब्दही बोललेला नव्हता. वॉल्टर ओल्डरॉइड गालिच्यांच्या गिरणीतून निवृत्त झालेला. एनिड हॅकेटने शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली. तिचा नवरा फ्रँक वारलेला. दोघांनीही एकमेकांना न विचारता नाव घातलं होतं, अर्थातच. आणि पहिल्या दिवशी समोरासमोर आल्यावर वर्ग सोडून जायला दोघंही तयार नव्हते. जो जाईल तो हरला!

नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, कुणी लिहिलं ते माहीत नाही. नायिका ओर्सेटाच्या भावाला विष घातलं जातं. तिथल्या राज्यकर्त्या ड्यूकनेच घातलं असं ती धरून चालते, शिवणकाम करणारी म्हणून त्याच्या महालात शिरते आणि सात वर्षं टाके घालत बसते. पाचव्या अंकात विषारी हातमोजे, मुखवट्यांचा नाच आणि आठ प्रेतं.

मी फळ्यावर लिहिलं: 'सूड घेणारी व्यक्ती उशीर का करते?' मला उत्तर हवं होतं ते शंका, सदसद्विवेक, संधीची वाट, असलं काही.

"तिला मजा येते म्हणून," वॉल्टर म्हणाला. "काही बायकांना येते, बाई."

एनिड खिडकीकडे बघत म्हणाली, "बाई, त्यांना सांगा, ज्यांच्या घरात खुनी जनावरं पाळलेली असतात त्यांनी दुसऱ्यांच्या स्वभावावर बोलू नये."

"कुठलं जनावर? नाटकात जनावर नाहीये," मी म्हटलं.

"नाटकात नाही."

चहाच्या सुट्टीत बाकीच्यांनी मला सगळं ऐकवलं. फ्रँककडे शर्यतीची कबुतरं होती. एका पहाटे त्यातली पंधरा मरून पडलेली सापडली. वॉल्टरकडे तेव्हा दोन फेरेट होते, मुंगसासारखे, सशांच्या बिळात सोडायचे. त्यातल्याच एकाने ही कबुतरं मारली असं एनिडने ठरवलं. तेव्हापासून दर मंगळवारी, कचरा उचलायच्या दिवशी, तिचा कचऱ्याचा मोठा डबा वॉल्टरच्या फाटकाला आडवा लावलेला असे. नेमाने, अकरा वर्षं.

मग माझे हाल सुरू झाले. नाटकाची रचना समजावताना मी पाच अंकांचा चढउतार फळ्यावर काढला. वॉल्टर म्हणाला, "पण तिसऱ्याच अंकात तिनं सरळ तक्रार का नाही केली?"

"न्यायाधीश ड्यूकचाच माणूस आहे, वॉल्टर. सूडनाटकात न्याय मिळत नाही, म्हणून तर सूड येतो."

"मग नगरपालिकेला लिहायचं. मी लिहिलंय. चार वेळा. त्यांचं म्हणणं, डबा रस्त्यावर आहे, फाटकात नाही."

"बाई, त्यांना विचारा, फाटकातून आत जाता येतं ना?"

"येतं! कडेकडेने! पोट आत घेऊन!"

"मग पोट कमी करा म्हणावं."

बाकीचे चौघं हसत होते. मी खडू खाली ठेवला आणि डोळे मिटून दहापर्यंत मोजलं. पाचव्या अंकापर्यंत पोचायला फेब्रुवारी उजाडला. त्या बुधवारी बर्फ पडलं आणि चौघं आलेच नाहीत. हे दोघं मात्र हजर! समोरच्यासाठी खुर्ची मोकळी सोडायची नाही, एवढंच कारण. मी वैतागून म्हटलं, "चला, मोठ्याने वाचा. एनिड ओर्सेटा, वॉल्टर ड्यूक."

एनिड वाचत होती छान, सावकाश, एकेका शब्दावर थांबून. ड्यूक हातमोजे घालतो, कोसळतो. मरता मरता तो म्हणतो, तुझ्या भावाचा घास मी घेतला नाही. तो खरं बोलतोय की खोटं, यावर अभ्यासक आजही भांडतात. वॉल्टरने ती ओळ अर्धी वाचली आणि पुस्तक मिटलं.

"एनिड," तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव. "माझ्या फेरेटने नाही मारली गं ती कबुतरं. दोघंही त्या रात्री माझ्या स्वयंपाकघरात होते. पायाला लागलं होतं एकाच्या."

"माहीत आहे मला," एनिड म्हणाली.

"काय?"

"कोल्हा होता. दोन वर्षांनी मागच्या गल्लीत तसंच झालं. तेव्हा तुझे फेरेट कधीच मेले होते."

वॉल्टरने बोटांवर मोजलं. "म्हणजे नऊ वर्षं... नऊ वर्षं तू उगाच?"

"उगाच नाही. कोल्ह्याचं कळलं तेव्हा नुकताच फ्रँक गेला होता. सोमवारपर्यंत कसंबसं जायचं. मंगळवारी सकाळी मात्र उठायला काहीतरी असायचं." ती पुस्तकाची पानं उगीच सारखी करत राहिली. "आणि तूही खिडकीतून शिव्या द्यायचास. घरात एक आवाज तरी यायचा."

"अगं, मग चहाला बोलवायचं ना, बये!"

"तू आला असतास?"

वॉल्टरने चष्मा काढून पुसला. "नाही," तो म्हणाला.

वीस वर्षं मी हे नाटक शिकवतेय. ओर्सेटा सात वर्षं का थांबली, याचं इतकं खरं उत्तर मला कुठल्याच जाडजूड ग्रंथात सापडलं नव्हतं. मी एनिडला म्हटलं, "हे लिहा. परीक्षेत हेच लिहा. कारण संपलं तरी सूड का संपत नाही, तो माणसाला काय देतो, हे!"

"बघते," ती म्हणाली.

पुढच्या बुधवारपासून दोघं माझ्यामार्फत न बोलता थेट भांडू लागले. ते जास्तच वाईट झालं, कारण आता मधे थांबवायलाच कुणी नव्हतं.

जूनमध्ये परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर अक्षरशः उडाले. दोनांतला कुठलाही एक लिहायचा होता. दुसरा प्रश्न: 'सूडाचं कारण खोटं ठरलं तरी सूड का टिकतो?' इतक्या वर्षांत परीक्षेत असा प्रश्न कधी आला नव्हता. एनिड बाहेर आली तशी मी धावत गेले.

"दुसरा लिहिलात ना?"

"नाही. पहिला. पाच अंकांची रचना."

"एनिड! पण का? तुम्हाला उत्तर येत होतं!"

"येत होतं की." तिने पर्सची चेन लावली. "पण तपासणारा कुठला कोण, बाई. त्याला फ्रँकचं कशाला सांगायचं?"

तेवढ्यात वॉल्टर आला. तोही पहिलाच प्रश्न लिहून आला होता, शिवाय चढउताराचा आलेख उलटा काढून. मी कपाळाला हात लावून तिथेच बाकावर बसले. ऑगस्टमध्ये निकाल लागला. दोघंही जेमतेम पास झाले, एनिडला वॉल्टरपेक्षा दोन गुण जास्त. ते तिने त्याला त्याच दुपारी, फाटकाशी उभं राहून, तीनदा सांगितलं.