सुरंगोच्या अंगावरचं रान

“आज याला खुंट्यावरून सोडू नका, हुकम. पाया पडतो तुमच्या,” ओबाराम म्हणाला आणि खरोखरच वाकला. हातातली कात्री मात्र त्याने खाली ठेवली नाही.

भोमसिंहांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सुरंगोकडे बघत होते. मेळ्याचं मैदान, पौषातली सकाळ, थंडी हाडांत शिरत होती आणि तो दांडगा नर उंट माजावर आलेला. करकरा दात खात होता, तोंडाच्या कडेने लाल फुगा बाहेर काढत होता, मानेवरून पांढरा फेस ओघळत होता. आमच्या थळीत, या वाळवंटी मुलखात, शेंबडं पोरसुद्धा अशा उंटापासून वीस हात लांबून जातं. पण भोमसिंहांचं हॉटेल होतं, हॉटेलात शहरातले पाहुणे उतरले होते, आणि त्यांना उंट नाचवून दाखवायचं कबूल केलेलं होतं.

मी लूणवासच्या शाळेत मास्तर. सगळे मला ‘मारसा’ म्हणतात, जसं मोठ्या मालकाला ‘हुकम’. थळीच्या मेळ्यात गेली बारा वर्षं माईक माझ्या हातात असतो. तीन दिवस आम्ही या वाळवंटाचं कौतुक करतो. गाणी होतात, केर-सांगरीची भाजी कोण चांगली करतं याची स्पर्धा होते, एका तंबूत माळढोकाचे फोटो लावलेले असतात. उरलेलं वर्षभर त्याच वाळूला शिव्या घालतो, ते सोडा.

मेळ्यात सगळ्यांत मोठा मान उंटाच्या केसकातरीला. ओबाराम रायका, म्हणजे पिढीजात उंटपाळांच्या जातीतला, त्यातला जुना माणूस. साठीला टेकलेला, बोलायला कंजूष, घरात बायको धापू आणि चार शेळ्या. दोन वर्षं उंटाचे केस वाढवायचे, सारखे छाटायचे, आणि तिसऱ्या वर्षी त्यातून कात्रीने चित्र उठवायचं. सुरंगोच्या डाव्या कुशीवर त्याने माळढोकाची जोडी काढली होती, चिंकारांचा कळप, वाकलेलं खेजडीचं झाड. उजव्या कुशीवर वाळूच्या टेकड्या आणि पाण्याला निघालेल्या बायका. एकीची घागर फुटकी होती. मी विचारलं, तेव्हा म्हणाला, “असते एखादीची.”

मेहनत याची, पण उंट भोमसिंहांचा. आणि भोमसिंहांनी शब्द टाकला होता, की पहिला नंबर आला तर सुरंगो मरेपर्यंत ओबारामच्या दारात राहील. नाही आला, तर मेळ्याच्या कडेला ट्रक लावून बसलेला मांसाचा व्यापारी त्याला घेऊन जाईल. रायका माणूस उंट कापायला देत नाही. पण हा उंट रायक्याचा नव्हताच ना.

“परीक्षकांना इथेच आणा, हुकम,” ओबाराम म्हणत होता. “चित्र खुंट्यापाशी पण दिसतं. नाचायचं काय एवढं?”

“माझा उंट आहे की तुझा, ओबा?”

“तुमचाच.”

“मग बाजूला हो.”

भोमसिंहांनी वेसणीची दोरी हातात घेतली. “झै, झै,” करून खाली बसवायला लागले. सुरंगो बसेना. त्याने मान वर करून असा आवाज काढला की पाहुण्यांतल्या दोन बायका मागे सरल्या. कोणीतरी हसलं. ते हसणं उंटावर होतं की मालकावर, कोण जाणे, पण भोमसिंहांच्या कानशिलावरची शीर फुगली. त्यांनी गड्याच्या हातातली लोखंडी टोकाची काठी ओढून घेतली.

पहिला फटका गुडघ्यावर बसला. दुसरा तोंडावर. तिसऱ्या, चौथ्या फटक्याला दोरीला असा हिसका दिला की वेसण नाकपुडी फाडून बाहेर आली. रक्ताची चिळकांडी भोमसिंहांच्या काळ्या लोकरी कोटावर उडाली. ते थांबले नाहीत. अखेर ओबाराम मध्ये घुसला आणि पुढचा फटका त्याच्या खांद्यावर बसला. हाड वाजल्याचं मी ऐकलं.

“बस झालं, हुकम,” तो शांतपणे म्हणाला. “आता तो तुम्हाला विसरणार नाही.”

भोमसिंह धापा टाकत होते. “काय करील?”

“आज ना उद्या धरील. डूख धरणारी जात आहे. एक करा. हा कोट काढा आणि त्याच्यासमोर टाका. तुमचा वास आहे त्याला. तो फाडील, तुडवील, त्यावर बसेल. राग निघाला की संपलं. आमचे वाडवडील असंच करत आले.”

“जोधपूरला शिवलेला कोट उंटाला खायला घालू?” भोमसिंह पाहुण्यांकडे वळून हसले. “ऐकलंत का मारसा, रायक्यांचं शहाणपण?”

ऐकलं होतं. मीही हसलो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे सगळं त्याच्यावरच येतं.

परीक्षक शेवटी खुंट्यापाशीच आले. ओबारामने फाटक्या नाकाला हळद लावली होती आणि डोळ्यांवर फडकं बांधलं होतं. त्याच्या हाताखाली तो उंट थरथरत उभा राहिला. परीक्षकांनी माळढोकाच्या पंखांवरून बोट फिरवलं, एकमेकांकडे बघितलं, आणि दुपारी बारा वाजता मी माईकवरून ओबाराम रायका, लूणवास, पहिला नंबर, असं ओरडलो. मैदान उसळलं. मला फार आनंद झाला होता. आपल्या गावाच्या मुकाट माणसाचं नाव आपण घ्यावं यात वेगळीच मजा असते.

ओबाराम मंचावर आला तो खांदा धरूनच. भोमसिंहांनी माझ्या हातातून माईक घेतला. “दिलेला शब्द पाळणं आमच्या रक्तात आहे,” ते म्हणाले. “आजपासून सुरंगो याच्या दारात. आणि हे माझ्याकडून बक्षीस.”

अंगावरचा कोट काढून त्यांनी ओबारामच्या खांद्यावर चढवला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धन्याने अंगातलं वस्त्र उतरवून द्यावं याहून मोठा मान आमच्याकडे नाही, आणि ते परत करण्याएवढा मोठा अपमानही नाही. भोमसिंहांनी ते जाणूनबुजून केलं की मानाच्या भरात, यावर गावात अजून भांडणं होतात. मला त्यांच्या मनातलं ठाऊक नाही. माझ्या मनातलं ठाऊक आहे. टाळ्या ऐकून मी माईक परत घेतला आणि म्हणालो, “आता ओबारामजी हाच कोट घालून सुरंगोसोबत मैदानाला फेरी मारतील.”

ओबारामने माझ्याकडे बघितलं. “मारसा,” तो हळूच म्हणाला, “कोट...”

“अहो, फेरीनंतर काढा. हुकम बघतायत.”

त्याने भोमसिंहांकडे बघितलं. शब्द नुकताच दिला होता, तो मागे घ्यायला कितीसा वेळ लागतो? सुरंगोजवळ जाऊ शकणारा दुसरा माणूसही नव्हता. “मला ओळखतो तो,” ओबाराम म्हणाला. ते मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे. बाह्यांत हात घालून तो खाली उतरला.

अर्धी फेरी नीट झाली. ओबाराम चालताना त्याच्याशी बोलत होता, ओठ हलताना दिसत होते. मग वारा फिरला. सुरंगो थांबला. त्याने मान खाली आणून कोटाच्या पाठीचा वास घेतला, अगदी सावकाश, आणि जबडा उघडून उजवा हात कोपराच्या वर धरला.

त्याने माणूस जमिनीवरून उचलला. तीन वेळा झटकला आणि आपटला. चौथ्यांदा हात वाकायला नको तिथे वाकला होता. ओबाराम ओरडला नाही, “बेटा, मी आहे, मी आहे,” एवढंच म्हणत राहिला. मग सुरंगो पुढचे गुडघे टेकून छातीचा घट्टा त्याच्यावर रेटायला लागला. उंट माणसाला असाच मारतो, दाबून. लोक पळत होते, तंबूच्या दोऱ्यांत अडकून पडत होते, पायांखाली एक म्हातारी चिरडली गेली. मी माईक धरून उभाच होतो.

धापू कुठून आली कळलं नाही. उंटाच्या छातीखाली हात घालून तिने कोटाची गुंडी तोडली आणि नवऱ्याला डाव्या हाताला धरून ओढलं. तो कोटातून शेंगेतल्या दाण्यासारखा बाहेर आला. कोट खालीच राहिला. सुरंगोने तो फाडला, तुडवला, त्यावर बसला, पुन्हा उठून तुडवला. चिंध्या होईपर्यंत. मग तो उभा राहिला. मान खाली घातली. फेस थांबला होता.

“संपलं,” ओबाराम वाळूवर पडल्या पडल्या म्हणाला. “आता काही करायचा नाही. त्याला कोणी हात लावू नका.”

भोमसिंह जीपमधून बंदूक घेऊन आले तेव्हा उंट गरीब शेळीसारखा उभा होता. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

“हुकम, तो माझा आहे,” ओबाराम म्हणाला. “तुम्ही दिलात. सगळ्यांसमोर.”

“दिलाय ना. मेलेला घे.”

पहिली गोळी मानेत लागली. सुरंगो पडला नाही, चार पावलं ओबारामच्या दिशेने चालला. दुसरी डोक्यात. तो गुडघ्यांवर बसला, सकाळी शंभर माणसांसमोर बसला नव्हता तसा, आणि मग उजव्या कुशीवर कलंडला. पाय बराच वेळ वाळू उकरत होते.

भोमसिंहांनी बंदूक गड्याकडे दिली. “कातडं नीट काढायला सांगा,” ते म्हणाले. “चित्राला सुरी लागता कामा नये. हॉटेलात भिंतीवर लावू.” आणि ते पाहुण्यांची समजूत घालायला गेले.

ओबारामला दवाखान्यात न्यायला गाडी आली. तो चढेना. हात खांद्यापासून लोंबत होता, तोंडावर घाम होता. “चला हो,” धापू म्हणाली, “हात जाईल.”

“गेलाय. कात्री दे.”

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्याच कमरेची कात्री काढून दिली. तो घसटत सुरंगोजवळ गेला, पाठीला टेकून बसला, आणि डाव्या हाताने माळढोकाच्या मानेपासून केस कातरायला लागला. डाव्या हाताला सवय नव्हती, कात्री निसटत होती. धापूने दोन्ही तळव्यांनी कातडं ताणून धरलं. मादी गेली, मग नर. चिंकारांच्या कळपाला वेळ लागला.

भोमसिंहांचा गडी धावत आला. धापूने मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. तो जिथल्या तिथे उभा राहिला.

मी ओबारामजवळ उकिडवा बसलो. “ओबारामजी,” मी म्हणालो, “तीन वर्षं हो. एक बाजू तरी राहू द्या.”

त्याने खेजडीच्या फांद्या उतरवल्या, बुंधा उतरवला. कातडं उघडं पडलं, करडं, कुठल्याही मेलेल्या उंटाचं असतं तसं. मग कात्री मांडीवर ठेवून तो दम खात म्हणाला,

“उलटा करायला चारजण लागतील, मारसा. बोलवा.”

मी उठलो. मागे वळलो तर माणसं आधीच बाह्या सारत पुढे आली होती, चारांहून बरीच जास्त.