तिसरी गोळी

“खरं वाटणार नाही तुम्हाला,” मी शिंप्याला म्हणालो, “पण आमच्या मेहुण्याच्या खोकल्यानं बॉयलरच्या दाबाचा काटा थरथरायचा. आणि तो खोकला गोळीचा होता.”

दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं होतो. मधे मी, एका बाजूला माझी धाकटी बहीण आणि दुसऱ्या बाजूला हा चाळिशीतला शिंपी. त्याला रक्तदाबाची गोळी सुरू होऊन महिना झाला होता आणि पंधरा दिवस तो कोरडा खोकत होता. अर्धं संपलेलं पाकीट हातात घेऊन तो म्हणाला होता, “डॉक्टरांना भेटून तरी काय होणार, काका? आजपासून बंदच करतो. खोकला आला की मशीनखालचं कापड सरकतं. काल एका गिऱ्हाइकाची बाही वाकडी गेली.”

माणसाला उपदेश केला की तो उठून जातो. गोष्ट सांगितली तर निदान नंबर येईपर्यंत बसतो.

“लागली गाडी रुळावर,” बहीण भिंतीकडे बघत म्हणाली. “आज काटा थरथरला. मागच्या वेळी काच तडकली होती.”

“काच तडकली तो खोकला निराळा,” मी म्हणालो आणि पुढे निघालो.

मेहुणा आणि मी एकाच लाँड्रीच्या बॉयलरवर होतो. हॉस्पिटलांच्या चादरी यायच्या, त्या आमच्या वाफेवर धुतल्या आणि वाळवल्या जायच्या. पाळी बदलताना अर्धा तास आम्हाला एकत्र काढावा लागे आणि तो अर्धा तास दोघांच्याही आयुष्यातून वजा धरावा असा होता. मी त्याला ‘पाहुणे’ म्हणायचो, तो मला ‘दादा’ म्हणायचा. भांडण अगदी अहो-जाहोत. “पाहुणे, बॉयलरच्या पाण्याची पातळी दाखवणारी काच पुसलेली नाही.” “दादा, तुमचा चष्मा पुसा, काच स्वच्छ आहे.” माझ्या या बहिणीला पसंत करायला आला तेव्हा त्यानं आमच्या घरच्या चहात साखर कमी आहे असं म्हटलं होतं. मी ते विसरलो नव्हतो. विसरायचं कारणही नव्हतं.

त्या वर्षी फोरमनची जागा रिकामी झाली. तो माझ्याहून सात महिन्यांनी जुना, म्हणजे जागा त्याची. अट एकच, वैद्यकीय तपासणीत पास व्हायचं. आणि लाँड्रीच्या डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला तर पारा असा चढला की डॉक्टरांनी उभं राहून वाचला.

“डॉक्टर बसलेले होते,” बहीण म्हणाली. “मी होते तिथं.”

“अर्धे उभे होते.”

दाब उतरवा, काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करू, असं ठरलं. डॉक्टर हुशार. त्यांनी बॉयलरवाल्याला बॉयलरच्याच भाषेत सांगितलं. दाब जास्त आहे, तर एक म्हणजे पाणी कमी करू. दुसरं म्हणजे नळ्या सैल करू. आणि शरीरात एक द्रव्य तयार होतं, ते नळ्यांना ‘आवळा’ म्हणून हुकूम सोडतं. तिसरं म्हणजे तो हुकूमच निघू द्यायचा नाही. प्रत्येकाची गोळी वेगळी, आणि प्रत्येक गोळीचं काही ना काही देणं असतं.

पहिली पाण्याची. मेहुणा पाळीत सतरा वेळा संडासाकडे पळायचा. बॉयलरवाल्यानं काट्यावरून नजर हलवायची नसते. म्हणून मी साहेबांना सुचवलं, की एक लांब नळी लावून काटाच संडासात बसवू या. पुढे त्याच्या पोटऱ्यांत असे गोळे यायला लागले की त्या पायाला धरून दोन माणसं ओढायची. डॉक्टर म्हणाले, लघवीवाटे क्षारही जातात, बदलू या.

दुसरी, नळ्या सैल करणारी. दाब उतरला, पण घोटे सुजले. किती सुजले? मोज्याच्या खाचेत मी पेन्सिल ठेवली आणि पाळी संपेपर्यंत ती पडली नाही. संध्याकाळी बूट निघेनात. शेवटी लोखंड कापायचा हॅक्सॉ आणला.

“हॅक्सॉ?” शिंप्यानं विचारलं.

“कात्री,” बहीण म्हणाली. “नाडी कापली मी. पेन्सिल मात्र ठेवली होती यानं. सगळ्यांना बोलावून दाखवली. ते खुर्चीत बसलेले, पाय वर, आणि हा सर्कस दाखवतोय.”

“हसले सगळे,” मी म्हणालो.

“ते नव्हते हसले.”

मग तिसरी गोळी. हुकूम अडवणारी. पाय उतरले, गोळे गेले, दाब सरळ झाला. म्हटलं आता हा फोरमन होणार आणि निवृत्त होईपर्यंत मी याच्या शिट्टीवर नाचणार. तेवढ्यात खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, नुसता घशात कुणी पीस फिरवल्यासारखा. त्याच्या खोकल्यावर आम्ही घड्याळं लावायचो. इस्त्रीवाल्या बायका रोलर थांबवून म्हणायच्या, बॉयलर फुटला की पाहुणे खोकले?

“हाच,” शिंपी म्हणाला. “अगदी हाच खोकला.”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याला. काहींना येतो, गोळी बदलली की जातो. आलात तर दुसऱ्या जातीची देऊ. पण आपल्या मनानं बंद करू नका.”

“मग?”

इथं मी जरा थांबलो. गोष्ट सांगणाऱ्यानं इथं थांबायचं असतं.

“मग काय. बॉयलरवाल्याची अक्कल. एके दिवशी पाळी बदलताना मला म्हणाला, दादा, काटा खाली आलाय. काटा खाली असताना कोणता शहाणा वाफ सोडतो? लाल रेघेपर्यंत गेला की बघू. मी म्हटलं, पाहुणे, काटा खाली आहे तो गोळीमुळेच. हा सेफ्टी व्हॉल्व नाही, ही रोजची आग आहे, रोजच सांभाळायची असते. ऐकेल तर तो मेहुणा कसला. गोळ्या बंद. आठवड्यात खोकला कमी झाला. माणूस ताठ चालायला लागला, शीळ घालायला लागला. नवव्या दिवशी पाळी माझ्याकडे देताना पाण्याच्या व्हॉल्वचं चाक फिरवायला हात वर केला आणि हात वर गेलाच नाही. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. शब्द नव्हते ते. मग घसरत खाली बसला.”

शिंप्यानं पाकीट मांडीवर ठेवलं.

“गेले?”

“चार वर्षं होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हिनं भरवलं चारही वर्षं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की डावा हात उचलायचा. बंद करा, म्हणून. कुकर बंद होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही.” मला हे सांगायचं नव्हतं. हे मी कधी सांगत नाही. म्हणून घाईनं पुढे गेलो. “पण मी काय कमी केलं? मी त्याच्या पाया पडलो होतो, मास्तर. भर बॉयलरखोलीत, कोळशाच्या धुळीत गुडघे टेकले. म्हटलं, पाहुणे, फोरमन तुम्हीच व्हा, पण गोळी सोडू नका. डोळ्यांत पाणी होतं माझ्या.”

आतून बहिणीचा नंबर पुकारला. तिलाही गोळ्या आहेत, झटकन उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते. ती आधी बाकाच्या कडेला सरकली. पाय जमिनीवर नीट टेकवले, दोन श्वास घेतले. मी हात पुढे केला. तिनं भिंत धरली आणि उभी राहिली.

“मास्तर,” ती शिंप्याला म्हणाली, “आत जा आणि खोकल्याचं सांगा. ते बदलून देतील. तोवर बंद करू नका. एवढं यानं खरं सांगितलं.”

“एवढंच?” मी हसून म्हटलं.

“बाकीचंही बरोबर आहे, दादा. फक्त माणसं बदललीस.” तिचा आवाज चढला नव्हता, पण रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. “बॉयलरखोलीत नाही, आमच्या घरी. डॉक्टरांकडे जाऊन बदलून आणतो, असं ते म्हणत होते. काटा खाली असताना कोणता शहाणा वाफ सोडतो, हे तू म्हणालास. मग त्यांच्या तळहातावरची गोळी उचललीस आणि खिडकीतून टाकलीस. ते हसले, कारण पहिल्यांदाच तू त्यांच्याशी गोड बोलत होतास. मी आत पीठ मळत होते. तपासणीला अकरा दिवस राहिले होते, दादा. मी मोजत होते, ते पास व्हावेत म्हणून. तूही मोजत होतास.”