चौघांची खोली

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. चाळीस वर्षं सुतारकाम केलं. कपाटं केली, पलंग केले, दारं बसवली, आणि चुकीचं माप सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी भांडलो नाही असा एक आठवडा गेला नाही. त्यामुळे बोटीची सहल ठरवायला आम्ही नवरा-बायको एजंटबाईंकडे गेलो, त्यांनी तीन रंगीत पुस्तकं पुढे केली आणि "काका, या तीन कंपन्या, घरी निवांत बघा" असं म्हणाल्या, तेव्हा मी विचारलं, "पलंगाची रुंदी किती?"

"कुठल्या कंपनीच्या?"

"तिन्हींच्या."

बाई हसल्या. "काका, लोक जेवणाचं विचारतात. पोहायचे तलाव किती, गाणीबिणी असतात का, ते विचारतात."

"गाणी ऐकायला बोटीवर कशाला जायचं? झोपायचं कशावर ते सांगा."

बायकोनं टेबलाखालून माझा पाय दाबला. मी पुस्तकं उचलली आणि घरी आलो.

आता मला काय हवं होतं ते सांगतो, कारण सगळी भानगड त्यावरूनच झाली. मला आम्ही चौघं एका खोलीत हवे होतो. सात दिवस.

मुलं लहान असताना आम्ही एका खोलीत राहायचो आणि माझा कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहाटे पाचला मी घराबाहेर, कारण सात वाजता यंत्रं सुरू झाली नाहीत तर दिवस वाया. परत यायचो तोवर दोघं गाढ झोपलेली. रविवारी ऑर्डरी. लोक म्हणतात, पोरं उभ्या उभ्या डोळ्यांदेखत वाढली. माझी मी आडवीच वाढताना बघितली. आज थोरली बत्तीस वर्षांची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. धाकटा अठ्ठावीसचा, लिफ्ट दुरुस्त करतो. दोघं वेगवेगळी राहतात. रविवारी जेवायला येतात, आणि चार वाजले की "बाबा, निघतो." आता तर लेकीचं लग्न ठरलंय. त्यानंतर आपलं आपण चौघं असं काही उरत नाही, जावई कितीही चांगला असला तरी. म्हटलं, पाण्यावर असलं की कुणाला निघता येणार नाही.

चार पलंगांची खोली मला एकाच कंपनीकडे दिसली. ती पहिली. तिची बोट अठरा मजल्यांची, वर घसरगुंड्या, दोरीवर चढायच्या भिंती, आणि पुस्तकाच्या पानापानावर दात काढून हसणारी कुटुंबं. दुसरी कंपनी शांतताप्रिय. छोटी बोट, वाचनालय, लहान मुलांना बंदी, आणि सगळ्या खोल्या दोघा-दोघांच्या. तिसरी कुठलीशी जुनी कंपनी, तिचं पुस्तक कुणी उघडलंच नाही.

रविवारी मी जेवताना विषय काढला. लेकीनं पहिलं पुस्तक दोन बोटांनी उचललं. "बाबा, अठरा मजले? चार हजार माणसं? माझ्या लॅबबाहेरची रांग काय कमी आहे? दुसरी घ्या. मी आणि हा आपला धाकटा एका खोलीत, तुम्ही दोघं एका."

"आणि चौघं एका खोलीत?" मी म्हटलं.

धाकट्याचा घास हातातच राहिला. आमच्याकडे तो लंबू. सहा फूट दोन इंच. "बाबा, मी दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात असतो. सुट्टीतपण खड्डाच? तुम्ही आणि आई जा ना दोघंच. मस्त मजा करा."

मस्त मजा करा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चौघं मावत नाहीत म्हणता? पुढच्या रविवारी कारखान्यात या. मावून दाखवतो!" बायको वाढत होती.

माझ्या धंद्यातली सवय अशी, की गिऱ्हाइकाला कागदावर पटलं नाही की वस्तू उभी करून दाखवायची. एजंटबाईंना फोन करून माप घेतलं. एकशे साठ चौरस फूट. म्हणजे सोळा बाय दहा. पाच दिवस खपून कारखान्याच्या मधोमध प्लायच्या भिंती उभ्या केल्या, सात फुटांवर छत टाकलं, खाली दोन पलंग, वर दोन, चढायला शिडी, एक अरुंद कपाट. पलंगांच्या कडा घासून गोल केल्या, कुणाच्या नडगीला लागायला नको. बोटवाल्यांनी एवढं केलं असेल असं मला वाटत नाही. दाराला कडी लावली आणि स्वतःवरच खूश झालो.

रविवारी तिघं आली. अट एकच, चार तास कुणी बाहेर पडायचं नाही. बायकोनं आत पाऊल टाकलं, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. बाथरूम कुठंय?"

मी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मापं काढली आणि बाथरूम विसरलो! तिथूनच एजंटबाईंना फोन. रविवार असून बिचारीनं उचलला. "काका, बाथरूम धरून एकशे साठ."

लंबू भिंतीला टेकून हसायला लागला. लेकीनं हसता हसता डोळे पुसले. मी तणतणत एक भिंत काढली, पाच फूट आत घेतली आणि पलंग जवळ सरकवले. मध्ये चालायला दीड फूट उरलं. एकानं चप्पल घालायची तर दुसऱ्यानं पाय वर घ्यायचे.

"चला," मी म्हटलं. "आता सुरू."

पहिला तास भांडणात गेला. लंबूचे पाय पलंगाबाहेर वीतभर आले आणि ताईच्या नाकासमोर लोंबायला लागले. ती म्हणाली, "हे पाय आहेत की नमुने? लॅबमध्ये नेऊ का?" त्यानं वरून उशी फेकली. तिनं परत फेकली. ती उशी शिडीवरून माझ्या डोक्यात पडली, आणि दोघं एकदम चिडीचूप झाली, आता बाबा फुटणार म्हणून. मी फुटलो नाही. मला हसू आलं. मग लंबूनं माझी नक्कल केली, म्हणजे मी गिऱ्हाइकावर ओरडताना कसा दिसतो ते. "साहेब, दार तुमचं आहे, पण माप देवाचं आहे!" असं मी खरंच म्हणतो, हे मला माहीत नव्हतं. थोरलीनं होणाऱ्या नवऱ्याच्या गोष्टी सांगितल्या, ज्या रविवारच्या जेवणात कधी निघाल्या नसत्या. पत्ते काढले. दोन तास गेले, तीन गेले. मला इतकं बरं वाटत होतं, की काय सांगू. म्हटलं, जिंकलो.

मग बायकोकडे लक्ष गेलं. ती खालच्या पलंगाच्या कडेला ताठ बसली होती, पर्स मांडीवर, चप्पल पायात. तीन तास तशीच.

"काय गं," मी म्हटलं. "मावलो की नाही चौघं?"

"मावलो," ती म्हणाली. "पण अहो, मी येणार नाही."

मला वाटलं, चेष्टा करतेय.

"तुम्ही तिघं जा. खरंच जा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तिचा कधी चढत नाही. "मी अकरा वर्षं एवढ्याच खोलीत काढली. एकाला ताप आला की दुसऱ्याला भिंतीकडे सरकवायचं. साडी बदलायची तर दिवा घालवायचा. रडायचं असलं तर नळ सोडायचा. तुम्हाला ती खोली हवीशी वाटते, कारण तुम्ही तिथे नव्हतात. मला पोरांचा कंटाळा नाही, तुमचाही नाही. पण मला आता एक दार हवंय, आतून लागणारं. आणि सात दिवस 'आई, माझं अमकं कुठंय' हे मला कुणी विचारायला नको."

 लंबूनं पत्ते खाली ठेवले.

एरवी मी ओरडलो असतो. हे काय काढलंस, आत्ताच, एवढं सगळं केल्यावर, असं म्हणालो असतो. पण त्या दिवशी तोंडात मारल्यासारखं झालं. मी उठलो, दीड फुटातून वाट काढत बाहेर आलो आणि रंधा घेऊन एक फळी तासत बसलो. फळी कशाचीच नव्हती. तासतासून निम्मी झाली.

अकरा वर्षं. मी त्या खोलीचं भाडं भरलं, तिचं छत गळलं तेव्हा दुरुस्त केलं, आणि तिथे राहणं कसं असतं हे तिला एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, त्या खोलीत जे काही होतं ते सगळं सुखाचंच होतं आणि फक्त मलाच मिळालं नाही.

थोडा वेळ गेल्यावर थोरली बाहेर आली. हातात तिसऱ्या कंपनीचं पुस्तक. मापांसाठी मी तिन्ही पुस्तकं कारखान्यात आणली होती, हे हातोडीखाली पडून होतं, त्याला भुसा लागला होता.

"बाबा, ही बघितलीत का? यांच्याकडे एका माणसाच्या खोल्या आहेत. खिडकी आहे, आतून कडी आहे. आणि तीन पलंगांच्यापण आहेत."

"मग?"

"मग आई एकाच्या खोलीत. आणि आम्ही दोघं तुमच्याबरोबर."

"तुम्हाला तर वेगळ्या खोल्या हव्या होत्या ना?"

"हव्या होत्या," ती म्हणाली. "पण आज तीन तासांत तुम्ही एकदाही ओरडला नाहीत. लंबू म्हणतो, सात दिवस टिकतं का ते बघू."

मला आम्ही चौघं हवे होतो, तिघं नाही. हे मी तिला म्हणालोसुद्धा. पण म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं, की चौघांतली एक जण अकरा वर्षं आपला वाटा देऊन बसलीय आणि आता पाळी माझी आहे. मी आत गेलो. बायको अजून तिथेच बसली होती. मी समोरच्या पलंगावर बसलो, गुडघ्याला गुडघा लागला.

"मी तुला कधी विचारलंच नाही," मी म्हटलं.

"आज विचारलंत ना. तेही पाच दिवस भिंती ठोकून." ती हसली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. "आणि दार लावलं म्हणजे काय तुम्हाला टाकलं का? जेवायला तुमच्याच टेबलावर असेन. फक्त नंतर जाईन. माझ्या खोलीत." 'माझ्या खोलीत' हे दोन शब्द ती हळूच बोलली, आणि लाजलीसुद्धा.

सोमवारी एजंटबाईंनी नावं लिहून घेतली आणि त्यांचं पेन थांबलं. "काकू वेगळ्या खोलीत? आणि काका मुलांबरोबर? माफ करा हं, पण भांडण वगैरे झालंय का?"

"नाही हो," बायको म्हणाली. "मिटलंय."

महिन्याभरानं आम्ही बोटीवर चढलो. जुनी कंपनी, ना घसरगुंड्या, ना वाचनालय. गालिचा कोपऱ्यात विरलेला, पण पलंगाचे सांधे पक्के होते, मी हलवून बघितले. बायकोला तिच्या खोलीपर्यंत पोचवलं. तिनं आत पर्स ठेवली, खिडकीतून पाणी बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "या आता." आणि कडी लावली. आतून ती गुणगुणत होती. तीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. बोळात दोन मिनिटं उभा राहिलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सवयीनं पाचलाच डोळे उघडले. उठून बसलो, पाय जमिनीवर टेकवले, आणि आठवलं की जायचं कुठेच नाही. तसाच बसून राहिलो. गोल खिडकीतून उजेड यायला लागला. सहाच्या सुमाराला थोरली उठली. केस तोंडावर, गुडघे पोटाशी, भिंतीकडे बघत बसली. मी काहीतरी बोललो तर तिनं हातानं थांबवलं. ही उठल्यावर दहा मिनिटं कुणाशी बोलत नाही, हे मला बत्तीस वर्षांत माहीत नव्हतं. मी दहा मिनिटं थांबलो. घड्याळ लावून थांबलो.

मग वरच्या पलंगावर हालचाल झाली. लंबूचा एक हात खाली लोंबला आणि डोळे मिटलेलेच ठेवून, झोपेनं जड झालेल्या आवाजात तो म्हणाला, "आई, किती वाजले?"

थोरलीनं माझ्याकडे बघितलं. मी घड्याळात बघितलं.

"साडेसहा," मी म्हटलं. "आई तिच्या खोलीत आहे, बाळा. मी आहे."

त्यानं एक डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं, मीच आहे याची खात्री केली.

"बरं," तो म्हणाला, आणि कूस बदलून परत झोपला.