वॉफलकाकांचा ढग

आमच्या इमारतीत माझ्या नवऱ्याला वॉफलकाका म्हणतात. नाव वरच्या मजल्यावरच्या पोरांनी पाडलं आणि या माणसाला ते इतकं गोड लागलं की नवीन शेजारी आले की तो स्वतःच तशी ओळख करून देतो. "मी वॉफलकाका. रविवारी या नाश्त्याला." मग माझ्याकडे हात करून म्हणतो, "आणि या आमच्या बाईसाहेब. रविवारी यांना सुट्टी."

सुट्टी! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ही सुट्टी कशी असते ते सांगते. रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठते. मैदा चाळून त्यात बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घालते, तो एक वाडगा. दूध कोमट करते, तो दुसरा. लोणी वितळवते, तो तिसरा. मग अंडी. अंडं फोडून बलक अर्ध्या कवचातून दुसऱ्या अर्ध्यात खेळवायचा आणि पांढरं खाली गळू द्यायचं. बलकाचा थेंब जरी पांढऱ्यात पडला तरी फेस धरत नाही, सगळी मेहनत पाण्यात. बलक दुधात जातात. नवरा आंघोळीला शिरला की मी बीटर लावून पांढरं फेटायला घेते. शॉवरचा आवाज, वर त्याचं गाणं, त्यात बीटर कुठे ऐकू येतो? फेस असा घट्ट व्हायला हवा की वाडगा उलटा धरला तरी जागचा हलू नये. तो झाला की डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवते. वाडगे ओट्यावर ओळीने लावते, वॉफलचं मशीन तापवते, त्याच्या चौकोनांवरून लोण्याचा ब्रश फिरवते आणि बाजूला होते.

आणि मग वॉफलकाका येतात. न्हाऊन, भांग पाडून, एप्रन बांधून. एक वाडगा दुसऱ्यात, तिसरा त्यात, थोडी ढवळाढवळ. शेवटी फ्रीजमधून डबा काढून "आता ढग!" असं ओरडून फेस त्यात सोडायचा. लेक लहान होती तेव्हा या ढगाला टाळ्या वाजवायची. मग डावाने मिश्रण मशीनवर ओतायचं, झाकण पाडायचं आणि वाफ निघाली की फोटो काढायचा. वॉफल बाहेरून कुरकुरीत, आतून हलकं. खाणारे म्हणतात, काका, तुमच्या हाताला काय चव आहे हो! हा मान खाली घालून लाजतो. मी तेव्हा त्यांच्या बशा उचलत असते.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. लोकांच्या जबड्यांचे साचे आमच्याकडे येतात, मी त्यात प्लास्टर ओतते आणि त्यावर कवळ्या घडवते. तिथे बुडबुडा माझा वैरी. एक जरी राहिला तरी साचा वाया, म्हणून टेबलावर ठोकून ठोकून मी हवा बाहेर काढते. आठवडाभर हवा काढायची आणि रविवारी तीच हवा जिवापाड जपायची, कशासाठी, तर वॉफलकाकांचं नाव राहावं म्हणून. शिवाय नंतरचं तर सांगितलंच नाही. मशीनच्या चौकोनांत करपून बसलेलं पीठ मी जुन्या टूथब्रशने घासते, लॅबमधल्या बोथट कोरणीने कोपरे उकरते. तोपर्यंत काका सोफ्यावर फोटोला किती जण वा वा म्हणाले ते बघत असतात.

मग आधीच का नाही बोललीस, असं विचारणारे भेटतीलच. बोलले होते. अगदी सुरुवातीलाच. तेव्हा हा म्हणाला, "हो गं, तुझी मदत असतेच की," आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. मदत! त्यानंतर मी मूग गिळून बसले. रोज भांडायला माझ्याकडे वेळ नव्हता आणि रविवारी तर मुळीच नव्हता.

पण त्या शुक्रवारी पाणी डोक्यावरून गेलं. लेकीचं लग्न ठरलं होतं. होणारा जावई आणि त्याची आई रविवारी आमच्याकडे नाश्त्याला यायचे होते. मी ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून मशीन बाहेर ओढत होते आणि लेक माझ्या पाठीशी उभी राहून त्याच्याशी फोनवर बोलत होती.

"तुझ्या आईला सांग, भूक घेऊन या म्हणावं. आमच्याकडे रविवारी बाबाच करतात सगळं. आई आयतं खाते."

आयतं.

मी कपाटातून डोकं बाहेर काढलं नाही. काढलं असतं तर हातातलं मशीन कुणाच्या पायावर पडलं असतं ते सांगता येत नाही.

नवऱ्याचं एक वेळ सोडून दिलं असतं. इतकी वर्षं सोडलंच होतं. पण ही पोर महिनाभरात दुसऱ्या घरी, दुसऱ्या ओट्यापाशी उभी राहणार होती, आणि आमच्या घरात काय चालतं याचं हे असलं चित्र डोक्यात घेऊन जाणार होती. तिला खरं दिसायला हवं होतं. तिच्या त्या होणाऱ्या नवऱ्यालाही. सांगून काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, सांगितलं की खांद्यावर थाप मिळते. म्हणून ठरवलं, या रविवारी आपण काडीलाही हात लावायचा नाही.

रविवारी उठले, चांगले कपडे घातले आणि जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. नवरा आंघोळीला गेला. शॉवर सुरू झाला, गाणं सुरू झालं आणि माझे हात शिवशिवायला लागले. मी ते मांडीखाली घेऊन बसले. गाणं संपेपर्यंत बसले.

पाहुणे वेळेवर आले. विहीणबाई पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. मुलगा उंच, जरा बुजरा. लेकीने चहा दिला तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "आमचा हाही काही कमी नाही हं. सुट्टीच्या दिवशी चहा याच्याच हातचा." मुलगा लाजला. अगदी तसाच, मान खाली घालून.

आमचं स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यामध्ये भिंत नाही. त्यामुळे वॉफलकाका एप्रन बांधत आले ते थेट सगळ्यांसमोर. "चला, मंडळींनी जागा घ्या!" म्हणाले, ओट्याकडे वळले आणि थांबले. ओटा लख्ख रिकामा.

"अगं, वाडगे कुठेत?"

"कपाटात."

"ते नाही. भरलेले."

"कोणी भरले नाहीत, मग भरलेले कुठून असतील?"

तो पाहुण्यांकडे बघून हसला. "आज आमची थट्टा चाललीय वाटतं." मी हसले नाही. मग त्याने कपाटं उघडायला सुरुवात केली. आधी बशांचं, मग औषधांचं. मैदा सापडला तेव्हा त्याने पिशवी वाडग्यावर उलटी केली. न चाळता. अंडी अख्खीच्या अख्खी फोडून टाकली, वर फ्रीजमधलं थंडगार दूध. गुठळ्या माझ्या खुर्चीवरून दिसत होत्या. मशीन अजून थंडच होतं. शेवटी तो फ्रीज उघडून आत वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"अगं, ते क्रीम संपलं का?"

"कुठलं क्रीम?"

"ढगाचं गं. डब्यातलं. संपलं होतं तर सांगायचं ना, काल येताना दुकानातून घेऊन आलो असतो."

दुकानातून!

मी भांडणाची सगळी तयारी करून बसले होते, पण याची नव्हती. मला वाटायचं, याला सगळं माहीत आहे आणि हा आपला सोयीस्कर गप्प बसतो. लबाडीचा राग धरता येतो, मी तो वर्षानुवर्षं नीट धरून ठेवला होता. पण याला खरंच माहीत नव्हतं! इतके रविवार तो डबा उघडून ढग ओतत आला आणि हा येतो कुठून, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. लबाड असता तर परवडलं असतं.

मुलगा हसायला लागला होता, आईकडे बघून गप्प झाला. विहीणबाईंनी कप खाली ठेवला.

तेवढ्यात लेक उठली. "थांबा बाबा, मी करते. लगेच होतं." ओट्याखालच्या कपाटात मागच्या बाजूला, मोठ्या पातेल्याच्या आत मी बीटर ठेवते. तिने न शोधता हात घातला आणि बीटर काढला. नवा वाडगा घेतला, अंडं कडेवर टिचकावलं, बलक अर्ध्या कवचातून दुसऱ्या अर्ध्यात खेळवला. करंगळी वर धरून. माझी करंगळी अशीच वर असते.

"तू ये इकडे," ती त्या मुलाला म्हणाली, "मी फेटून देते, तू फक्त ढग ओत. फोटो काढते तुझा."

आणि तो खुशीत उठला की! उठून बाही दुमडायला लागला.

मी बघतच राहिले. हिला खरं दिसावं म्हणून मी हा सगळा घाट घातला होता, आणि हिला खरं तोंडपाठ होतं. टाळ्या वाजवणारी ती चिमुरडी रविवारी पहाटे दारात उभी राहून माझे हात बघत होती. सगळं शिकली होती. पांढरं कसं गाळायचं ते, केव्हा थांबायचं ते, आणि दुसऱ्याच्या हातात डाव देऊन बाजूला कसं व्हायचं तेही.

"ठेव तो बीटर खाली," मी म्हणाले.

"आई, पाहुणे आहेत."

"आहेत ना. बघू देत त्यांना."

"बाबांची फजिती होतेय गं."

"होऊ दे!" माझा आवाज चढला तो चढलाच. "फेस दुकानात मिळतो असं वाटणाऱ्याची फजिती नाही होणार तर काय आरती होणार? अंडी फोडायला त्यांना दोन हात आहेत. यालाही आहेत. तू ये इकडे आणि बस."

मुलगा एक बाही दुमडलेली आणि एक न दुमडलेली असा उभा राहिला. लेकीने बीटर आपटला आणि माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अंड्यांकडे. मग मुकाट्याने फोडायला घेतली. बलक पांढऱ्यात फुटला. मला दिसलं, मी बोलले नाही. बीटर कितीतरी वेळ घरघरत राहिला आणि वाडग्यात पिवळट पाणी हलत राहिलं. झाकण उघडलं तेव्हा अर्धं वॉफल वर चिकटलं, अर्धं खाली. त्याने ते काट्याने ओरबाडून काढलं आणि सगळ्यांनी ते तुकडे मधात बुडवून खाल्ले. फोटो कोणी काढला नाही.

निघताना विहीणबाई चपला घालता घालता म्हणाल्या, "आता पुढच्या वेळी आमच्याकडे. चहा हा करेल." मग मुलाकडे वळून, "आणि पातेलंही तूच घासायचंस." त्या हसल्या नाहीत. मुलाने मान डोलावली. आता घासतो की नाही, देव जाणे.

दार लागलं आणि लेक उसळली. "सगळी सकाळ घालवलीस आई! काय मिळालं तुला?"

"तुला माहीत होतं," मी म्हणाले. "ढग कोण करतं ते."

"हो. मग?"

"मग फोनवर आयतं काय म्हणालीस? आई आयतं खाते?"

ती जरा वरमली. "अगं, असंच बोलतात तसं. बाबांना किती बरं वाटतं त्याचं. तेवढाच तर त्यांचा आनंद आहे."

"आणि मला?"

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. बाबांना काय वाटतं ते हिला टाळ्या वाजवायच्या वयापासून ठाऊक, आणि मला काय वाटतं हा प्रश्न आज पहिल्यांदा तिच्या कानावर पडत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचंच होतं.

तेवढ्यात ओट्याकडून आवाज आला. "अगं, हे मशीन पुसलं तरी निघत नाहीये. एरवी स्वच्छ कसं असतं हे? कशाने काढायचं?"

लेक खुर्चीवरून अर्धी उठलीसुद्धा. "बाबा, तो जुना टूथब्..."

मी तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं, तिला लागलं असेल. "तू बस," मी म्हणाले आणि मान न वळवता ओट्याच्या दिशेने ओरडले, "शोधा!"

एक ड्रॉवर उघडला, धाडकन बंद झाला. मग दुसरा. मग चमच्यांचा. टूथब्रश त्यातल्या एकाही ड्रॉवरमध्ये नव्हता. लेकीचा हात माझ्या मुठीत उठू बघत होता आणि मी तो सोडला नाही.