भावाबहिणीचे रिपोर्ट

चंदनबालाच्या गर्भाशयाला गाठ झाली होती. ऑपरेशनच्या आधी सांगलीच्या दवाखान्यात रक्त तपासलं. गाठ साधीच निघाली, पण रक्तात भलतंच सापडलं. हेपॅटायटिस बी. यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहणारा विषाणू.

डॉक्टर भाग्यश्रीबाईंनी घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. नवरा नेमिनाथ आणि मुलगी सृष्टी सुटले. धाकटा भाऊ श्रेयस आणि सत्तरीची आई मात्र सापडली. बाळंतपणात आईकडून मुलांना लागतो हा, असं डॉक्टर म्हणाल्या. आईला कुठून लागला, ते आता कोण सांगणार?

मग यकृत किती कडक झालंय ते मोजणारं मशीन भावाबहिणीच्या बरगडीला लागलं. श्रेयसचं यकृत मऊ, निरोगी. चंदनबालाचं कडक, जागोजागी वण पडलेलं.

"मॅडम, ह्यो माझा रिपोर्ट न्हाई," ती म्हणाली. "दोघांचे बदललेत."

तिचा पक्का समज होता तो. जैन नेम पाळणारी ती सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नव्हती. बटाटा तिच्या चुलीवर कधी चढला नव्हता. श्रेयसचा कुपवाडला लेथचा कारखाना, आणि शनिवारी दोस्तांबरोबर प्यायला बसणं ठरलेलं. यकृत कुणाचं बिघडायला हवं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

तिनं हट्टच धरला. दोघांनी मिरजेला जाऊन पुन्हा रक्त दिलं, मशीनही पुन्हा लावलं. नळीवरचं नाव तिनं स्वतः वाचलं, दोनदा. रिपोर्ट तोच आला.

"अक्का, मी काय तुझं चोरलंय व्हय?" गाडीत श्रेयस वैतागून म्हणाला. नेमकं तसंच काहीतरी तिच्या मनात आलं होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सावकाश समजावलं. "हा विषाणू स्वतः यकृताचं फारसं काही बिघडवत नाही. त्याला मारायला तुमच्याच शरीरातल्या पेशी धावतात. विषाणू यकृतात लपलेला, म्हणून मार यकृताला बसतो. तुमच्या पेशी बरीच वर्षं भांडतायत. जिंकल्याही नाहीत आणि थांबल्याही नाहीत. श्रेयसच्या पेशी अजून त्याच्याकडे लक्षच देत नाहीत."

"आवं, पण आई एक, बाप एक!"

"भांडायचं किती जोरात, हे बरंचसं आईबापाकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. आणि सख्ख्या भावंडांनाही ती वेगवेगळी मिळतात. तुमच्यात नेमकं कुठलं वेगळं आहे, ते मात्र मला सांगता येणार नाही."

"म्हंजे माझं अंग लढतंय, म्हणून मी आजारी?"

"तसंच काहीसं."

हे काही चंदनबालाच्या पचनी पडेना. नेमानं वागल्याचं फळ मिळतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. इथं तर नेमाचा आणि फळाचा संबंधच लागत नव्हता. बरं, कुणाची चूकही नव्हती, की जिच्यावर रागवावं.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. "दोघांनाबी मी सारखंच दिलं न्हवं गं?" तिनं विचारलं. चंदनबालानं तव्यावरची भाकरी उलटली. सारखंच दिलं म्हणावं तरी खोटं, आणि न्हाई म्हणावं तरी आईच्या जिवाला लागणार.

रोज एक गोळी सुरू झाली. वर्षभरात तिच्या रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही. यकृताचा कडकपणा थोडा उतरला. गोळी सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

श्रेयसला अजून गोळी लागत नव्हती, नुसती दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायची. डॉक्टरांच्या धाकानं त्यानं बाटली सोडली होती. तरी त्या श्रावणात त्याच्या रक्तातले, यकृताची सूज दाखवणारे आकडे दुपटीनं चढले.

"त्याच्याही पेशी जाग्या झालेल्या दिसतात," डॉक्टर म्हणाल्या. "होतं असं कधी कधी. अजून थोड्या तपासण्या करू, मग गोळीचं ठरवू."

"दारू प्यायचो तवा बरा हुतो, सोडली आन् आजारी पडलो!" श्रेयस हसायला गेला.

"दारू सोडल्यानं नाही झालेलं हे," डॉक्टर पटकन म्हणाल्या. "पीत राहिला असता, तर आणखी बिघडलं असतं."

चंदनबाला शेजारच्या खुर्चीत होती. आकडे ऐकताच तिला आत कुठंतरी हलकं वाटलं. क्षणभरच. आता ती एकटी नव्हती. आणि लगेच तिला स्वतःची इतकी शरम वाटली, की भावाकडं बघवेना.

"अक्का, गोळीनं मळमळतं का गं?" त्यानं विचारलं.

"पयले आठ दिस. मग न्हाई," ती म्हणाली आणि त्याची फाईल आपल्या मांडीवर ओढून घेतली. आता कुठल्या पानावर कुणाची चूक शोधायची, हे तिला कळत नव्हतं.