दुहेरी झडप

वाचनालयाच्या माळ्यावरची खोली दर रविवारी सकाळी आम्हाला मिळते. अंतराळातली ती मालिका सुरू होऊन चौतीस वर्षं झाली, तिच्या चाहत्यांची ही बैठक एकवीस वर्षांची. मला सगळे मास्तर म्हणतात, कारण यातल्या निम्म्यांना मी चौथीत शिकवलंय. त्या काळी शाळा सुटल्यावर मी त्या परदेशी मालिकेचे संवाद, नवे आवाज भरण्यासाठी, आपल्या भाषेत लिहून द्यायचो. म्हणून खिडकीजवळची खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवतात.

त्या रविवारी खोलीत चांगलीच जुंपली होती. नव्या भागात म्हातारा कप्तान कबूल करतो, की तरुणपणी जहाज फुटून हवा जाऊ लागली, तेव्हा त्याने फुटक्या भागात अकरा माणसं आत असताना हवाबंद दार लावलं होतं.

"धादांत खोटं," तारीखवाला म्हणाला. हा विमा कचेरीत कारकून, प्रत्येक भागाची तारीख तोंडपाठ. "एकोणचाळिसावा भाग बघा. कप्तान विचारतो, 'सगळे आले?' वाट बघत थांबतो. शेवटी उत्तर येतं, 'सगळे आले.' मग दार लागतं. चांगल्या माणसाला काळं फासल्याशिवाय या नव्या लेखकांना चैन पडत नाही."

"कप्तान तुझा मेहुणा लागतो का रे?" शिंपीणबाई म्हणाल्या. आमचे गणवेश त्याच शिवतात. "तेव्हा लपवलं असेल, आता म्हातारपणी ओकला. मला तर तो आता जास्त आवडायला लागलाय."

"अकरा जणांना मारून?"

"जहाजावर चारशे होते, ते विसरलास वाटतं."

तारीखवाल्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे आमच्या पहिल्या पुस्तिकेतलं चित्र टांगलेलं आहे, दुहेरी झडपेचं. कप्तान इतका वेळ थांबला तरी जहाजातली हवा का गेली नाही, यावर आमच्या मंडळींनी दोन वर्षं डोकं खाजवलं आणि शेवटी ठरवलं, की दारामागे आणखी एक झडप असणार. मालिकेत ती कुठेच दिसत नाही. चित्रात मात्र बाणांसकट, मापांसकट आहे.

"ही झडप असताना दार लावायची गरजच काय होती?"

"मलाही एक विचारायचंय," मागून कुणी तरी म्हणालं.

धाकटी होती. वर्गात सगळ्यांत लहान म्हणून ते नाव पडलं, आता चाळिशी उलटली तरी टिकलंय. नदीखालून बोगदा काढताहेत, तिथल्या नियंत्रण कक्षात ती काम करते. पाणी शिरलं तर मधलं लोखंडी दार लावायचं, हे तिचं काम. दोन महिन्यांपूर्वी पाणी शिरलं. दाराच्या पलीकडे तिघं होते, म्हणून ती थांबली. तिघंही आले. पण तोवर लोंढ्यापुढे दार सरकेना, आणि अलीकडे काम करणारे दोन फिटर बुडाले. आमच्या त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी तिची चौकशी होती.

"कप्तान थांबला तेव्हा अलीकडचं कुणी गेलं नाही," ती म्हणाली. "मी थांबले तर दोघं गेले. माझं काय चुकलं ते मला सापडत नाही. रोज तो भाग लावून बघते. तो किती सेकंद थांबतो तेही मोजलंय. माझ्यापेक्षा सहा जास्तच."

 मग तारीखवाला, तो मनाने भला माणूस आहे, हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या दाराला दुहेरी झडप नव्हती ना."

ती त्या चित्राकडे बघत राहिली. "नाही. मी बसवून घ्यायला हवी होती."

आता मला गप्प बसवेना.

"झडप कधीच नव्हती," मी म्हणालो. "अकरा जण आतच होते."

मग सांगितलं सगळं. त्या दृश्यात कप्तान पाठमोरा आहे, उत्तर देणारा तर दिसतच नाही. ओठ दिसत नसले, की संवाद लिहिणाऱ्याला काहीही लिहिता येतं. मूळ भागात तो विचारतो, आत किती आहेत. उत्तर येतं, अकरा. मग तो नुसता उभा राहतो. धाकटीने मोजलेले सेकंद ते हेच. तो कुणाची वाट बघत नव्हता. 'सगळे आले' हे माझं, त्या थांबण्यानंतर घातलेलं. दार लागल्यावर आतून ठोके ऐकू येतात आणि एकेक करून कमी होतात. ते मी काढायला लावले, त्या जागी यंत्राची घरघर भरली. मुलांच्या कानांपर्यंत ते पोचले नाहीत, माझ्या कानांतून काही जाईनात. अजूनही पंख्याची कडी वाजली की मी अकरापासून उलटे आकडे मोजू लागतो.

"मास्तर," शिंपीणबाई म्हणाल्या, "आम्ही झडपेची मापं काढत बसलो आणि तुम्ही इथे बसून बघत होतात?"

"हो."

"का पण?" धाकटीने विचारलं.

"मालिका संध्याकाळी पाचला लागायची. मुलं बघायची. म्हटलं, रात्री झोप लागायला हवी त्यांना."

"मला लागायची," ती म्हणाली. "छान लागायची."

"अगं, तू तिघांना..."

"ते नका सांगू. घरचे, दारचे, सगळे तेच सांगतात." तिने वहीचा एक कागद फाडून माझ्यापुढे ठेवला. "खरे संवाद लिहून द्या. तेव्हा लिहायला हवे होतेत तसे."

चौतीस वर्षांनी मी ते लिहिले. तीनच ओळी होत्या.

आत किती आहेत?
अकरा.
दार लाव.

तिने वाचलं आणि माझ्या हातातली पेन्सिल घेतली.

"असं नाही बोलत कुणी," ती म्हणाली. "किती आहेत विचारलं, की आकडा नाही सांगत माणूस. मी बोगद्यातल्या वायरमनला विचारलं होतं. त्याने नावं सांगितली. तिघांचीही, घाईघाईत." तिने 'अकरा' खोडलं.  "मास्तर, मी पलीकडचंच विचारलं. अलीकडे कोण आहे ते विचारलंच नाही."

पहिल्या ओळीखाली तिने नवी ओळ लिहिली: अलीकडे कोण आहे? तिच्याखाली दोन नावं. तारीखवाला मान लांब करून बघत होता, त्याने मान वळवली.

"हे उद्या सांगणार आहेस?" मी विचारलं.

"हो. आणखी काही नाही सांगता येणार मला."

"आणि ती शेवटची ओळ?"

'दार लाव'वर पेन्सिल टेकवून ती थांबली.

"ती खोडता येत नाही मला," ती म्हणाली, "आणि ठेवताही येत नाही."